पेपर बंद करायचा म्हणता?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सकाळी बेल वाजली की ती पेपरवाल्याची, हे आमच्याकडे ठरलेलं. हातात रबर लावलेली बिलांची चळत, खांद्याला पिशवी, आणि "ताई, मागच्या महिन्याचंही राहिलंय हं" हे नेहमीचं वाक्य. गेल्या वर्षी असाच तो दारात उभा असताना आतून चिरंजीव म्हणाले, "आई, आता बंदच करून टाक की पेपर! सगळं मोबाईलवर येतं. उगीच रद्दी साठते." पेपरवाल्यानं ते ऐकलं. काही बोलला नाही बिचारा. सुटे पैसे मोजत राहिला.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हे वाक्य केव्हा ना केव्हा कानावर आलं असेलच. दूध, वाणसामान, गॅस, पेपर ही सगळी बिलं घरखर्चाच्या वहीत एकाच पानावर येतात, आणि ती वही बहुतेक घरांत आपल्याच हाती असते. दुधात काटकसर करवत नाही, गॅसमध्ये होत नाही. मग कात्री लागते ती पेपरला. त्याच्या पाठोपाठ साप्ताहिकाला, मासिकाला. म्हणजे पेपर चालू ठेवायचा की बंद करायचा, हा निर्णय बराचसा आपलाच. तेव्हा म्हटलं, कात्री लावण्याआधी घटकाभर बसून बोलू या.

आधी एक कबूल करते. मीही सकाळी उठल्यावर चष्मा शोधते तो मोबाईल बघण्यासाठीच. तेव्हा "जुनं ते सोनं" असा काही सूर मी लावणार नाही.

दुपारी दोनचा पेपर

पेपर घरात येतो सकाळी सहाला. पण बाईच्या हाती तो लागायचा दुपारी दोनला. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं हाच क्रम होता. पहिलं पान मामंजींचं. त्यांनी घडी मोडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मग आमच्या ह्यांना क्रिकेट आणि बाजारभाव. धाकटे भावजी नोकरीच्या जाहिरातींवर लाल पेनानं गोल करत बसायचे, वन्सं सिनेमाच्या जाहिराती बघायच्या. जेवणं झाली, ओटा पुसला, पदराला हात पुसले की मग माझी पाळी. तोवर मधलं पान उलटं घातलेलं, कोपऱ्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ, शब्दकोडं अर्धं सोडवून टाकलेलं. अगदी शिळा पेपर!

पण तो अर्धा तास माझा असायचा. आणि त्यातली खरी गंमत सांगू? मी काय वाचते आहे, हे कुणालाच कळायचं नाही. पेपरात डोकं घातलेली बाई वड्यांची कृती वाचते आहे, अग्रलेख वाचते आहे की घटस्फोटाच्या खटल्याची बातमी वाचते आहे, हे समोरच्याला कसं समजणार? पेपर कुणा एकाच्या नावानं घरात येत नाही, तो घराला येतो. त्यामुळे जे तुम्ही कधी मागितलं नसतं, मागायचं धाडस केलं नसतं, तेही आपसूक तुमच्या पुढ्यात येऊन पडायचं. वड्यांची कृती शोधायला चौथं पान उघडावं, आणि तिच्या शेजारीच वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हक्क किती, यावर कुणा वकिलाचं टिपण असावं.

मोबाईलचं नेमकं याच्या उलट. एकदा उपम्याचा व्हिडिओ बघा, महिनाभर उपमेच उपमे. काल जे बघितलं त्यावरून आज काय दाखवायचं ते ठरतं. म्हणजे आपल्याच आवडीचं ताट तो आपल्यालाच पुन्हा पुन्हा वाढतो. शिवाय तो हातात घेतला की कुणीतरी मान वाकडी करून विचारतंच, "काय बघतेस एवढं?" काय बघितलं त्याची यादीही तो आपल्या पोटात ठेवतो, ती काढून बघणारी माणसंही घरात असतात. सगळ्याच घरांत नसतात, पण असतात. आणि पुष्कळ बायकांच्या हाती स्वतःचा असा फोन आजही नाही, घरातल्या कुणाचा तरी मोकळा असेल तेव्हा त्यांना तो मिळतो.

पेपर बाईच्या हाती पडला की

हा वर्तमानपत्राचा दुपारचा अर्धा तास किरकोळ समजू नका बरं का. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढलं. तेव्हा ते वाचणारी बाई शोधून सापडली नसती. पण पुढं पन्नास वर्षांनी काय झालं बघा. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. त्यावरून 'पुणेवैभव' पत्रानं बायकांच्या जातीवरच कोरडे ओढले. ते वाचून बुलढाण्यात एक बाई पेटून उठली. ताराबाई शिंदे तिचं नाव. तिनं उत्तरादाखल 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ मध्ये पुण्यात छापवून घेतलं. बायकांना दोष देता तर पुरुषांचे गुण तरी काय सांगता, असा रोकडा सवाल तिनं केला. बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या गावी पेपर तिच्या हाती पडला नसता तर?

हे पुस्तक पुढं विस्मरणात गेलं. कुणाला त्याचं नावही ठाऊक उरलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणून आज ते कॉलेजात शिकवलं जातं. त्र्याण्णव वर्षं कागद कुठंतरी पडून होता, तेवढ्यावर हे जमलं.

त्याच्याही आधीची गोष्ट मुक्ता साळवे हिची. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी अवघी चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्राच्या दोन अंकांत छापून आला. तिचं पुढं काय झालं, संसार कसा झाला, याची माहिती आपल्याजवळ जवळजवळ नाही. निबंध मात्र आहे. नियतकालिकाच्या दोन अंकांत छापला गेला, म्हणून आहे.

बाईच्या हाती छापील कागद दिसला की घरातल्यांना तो सुखानं बघवायचा असंही नाही. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, त्यांच्या शिकण्या-वाचण्यावरून घरातल्या थोरल्या बायकांनी त्यांना किती छळलं ते. तेव्हा दुपारचा तो निवांत पेपर आपल्याला आयता मिळालेला नाही.

"एक दुःखी भगिनी"

मग बायकांसाठी म्हणून अंक निघू लागले. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची आपली परंपरा तिथून धरतात. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. विणकाम, पाकक्रिया यांच्या जोडीनं बाईच्या शिक्षणावर, नोकरीवर, विधवेच्या पुनर्विवाहावर त्यात मोकळेपणी लिहिलं जाई. पुढं त्याच 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं.

या अंकांमध्ये एक पान असायचं, जे आपण सगळ्यांत आधी उघडायचो आणि कुणी आलं की घाईनं उलटायचो. वाचकांच्या प्रश्नांचं! खाली सही काय, तर "एक दुःखी भगिनी" किंवा नुसती दोन आद्याक्षरं. सासूशी पटत नाही इथपासून ते डॉक्टरांनाही सांगायची लाज वाटावी अशा दुखण्यापर्यंत सगळं तिथं यायचं. या पानाची किंमत काहींनी कोर्टातही मोजली आहे. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ पर्यंत चाललं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यांनी सरळ शास्त्रीय उत्तरं दिली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक काही बंद केलं नाही. ते शेवटपर्यंत चालवलं.

तुम्ही म्हणाल, असले प्रश्न आता फोनला विचारता येतात की, तेही मध्यरात्री, कुणाला न कळता. खरं आहे. परगावी एकटी राहणाऱ्या मुलीला त्याचा किती आधार असतो, ते मी माझ्या भाचीकडे पाहिलंय. पण फरक एवढाच की फोननं दिलेलं उत्तर विचारणारीलाच मिळतं. अंकात छापलेलं उत्तर न विचारणारीलाही मिळायचं. जिला आपल्याला काही दुखणं आहे हेच मुळी ठाऊक नसे, जी "बायकांचं असंच असतं" म्हणून गप्प बसलेली असे, ती दुसरीचं पत्र वाचून दचकायची. अगं बाई, हे तर माझंच!

घरखर्च त्यांचाही असतो

आता हे अंक आणि पेपर का ओसरत चालले आहेत? लोकांना वाचायचा कंटाळा आला, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. दिवसभर माणसं वाचतच तर असतात, मान मोडेपर्यंत. खरं कारण जमाखर्चाचं आहे, आणि ते आपल्याइतकं चांगलं कुणाला कळणार?

आपण पेपरला जी किंमत देतो, तीत कागद, शाई, छपाई, रात्रीतून गावोगाव धावणाऱ्या गाड्या, एजंटाचं आणि पोराचं कमिशन हे सगळं भागत नाही. कधीच भागत नव्हतं. वरचे पैसे भरायचे जाहिरातदार. म्हणजे आपल्या घरात इतकी वर्षं जो पेपर स्वस्तात यायचा, त्याचं अर्ध्याहून जास्त बिल साबणवाला, सोनार, बिल्डर आणि साड्यांच्या दुकानवाला भरत होता असं समजा. त्यात छोट्या जाहिरातींची पानं म्हणजे तर पेपरचं दुभतं जनावर. वधू पाहिजे, वर पाहिजे, खोली भाड्याने देणे आहे, कारकून पाहिजे, जुनं शिवणयंत्र विकणे आहे. एकेका ओळीचे पैसे.

हे दुभतं आधी गेलं. लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटी आल्या, नोकऱ्यांच्या आल्या, जागांच्या आल्या. मग २०१६ नंतर मोबाईलवरचं इंटरनेट इतकं स्वस्त झालं की मोठे जाहिरातदारही तिकडं वळले. तिथं त्यांना एक सोय आहे, जी पेपरला कधी नव्हती. जाहिरात कुणी बघितली, बघून विकत घेतलं का, हे त्यांना कळतं. आपण मघाशी म्हटलं ना, पेपरात डोकं घातलेली बाई काय वाचते ते कुणाला कळत नाही? तेच तर जाहिरातदाराला नको होतं!

त्यात कागद महागला. वर्तमानपत्राचा कागद बराचसा परदेशातून येतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर दहा टक्के आयातकर बसला. ओरड झाल्यावर पुढच्या फेब्रुवारीत तो पाच टक्के केला. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा कागदाचे भाव पुन्हा भडकले, कारण रशिया हा या कागदाचा मोठा पुरवठादार. कुठं युक्रेन आणि कुठं आपल्या दारातला पेपर, पण धागा असा जुळलेला. पेपर पातळ का झाला, रविवारची पुरवणी चार पानांवर का आली, असं आपण म्हणत होतो, ते यामुळं. हल्ली इंधन महागलं की आपण कोशिंबिरीला फोडणी घालत नाही, तसंच ते.

आणि मध्येच आलं ते २०२० साल. २३ मार्चपासून मुंबईत विक्रेत्यांनी पेपर वाटणं थांबवलं, काही दिवस तर पेपर छापलेच गेले नाहीत. कागदावरून रोग घरात येईल या भीतीनं लोकही धास्तावले होते. एप्रिलच्या १८ तारखेला सरकारनं पेपर घरोघरी टाकायला बंदी केली, ती पुढं मुंबई-पुण्याकडे आणि साथीच्या भागांपुरती ठेवली, जूनमध्ये उठवली. छापायला परवानगी, पण घरी टाकायला मनाई! तेवढ्या दिवसांत घराघरांतून एक सवय मोडली. सकाळी दार उघडून खाली वाकायची सवय हो. ती मोडली की पुन्हा लागणं कठीण. आमच्याच इमारतीत कितीतरी घरांनी नंतर पेपर पुन्हा सुरू केला नाही. आमचा पेपरवाला सांगतो, पूर्वी त्याच्या हाताखाली शाळा-कॉलेजातली पाच मुलं लाईन टाकायला होती, आपली फी त्यातून भरायची. आता तो आणि त्याचा मेव्हणा दोघंच.

पण सगळं खापर मोबाईलवर फोडू नका. 'सत्यकथा' हे मराठीतलं केवढं मोठं वाङ्मयीन मासिक, ते १९८२ मध्येच बंद पडलं. 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३ मध्ये. तेव्हा कुठं होते मोबाईल? आपल्या दुपारी तर टीव्हीनं आधीच खाल्ल्या होत्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण ते बापडं संध्याकाळपुरतं असायचं. १९९९-२००० च्या सुमारास खाजगी मराठी वाहिन्या आल्या आणि सासू-सुनांच्या मालिका दुपारीही परत दाखवायला लागल्या, तिथं आपण मासिकं मिटली. मी मिटली, उगीच दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आपल्या मुलांचा 'चांदोबा' २०१३ च्या सुमारास बंद झाला, तेव्हा हळहळलो आपण सगळ्या. पण त्याआधी दहा वर्षांत किती जणींनी तो विकत घेतला होता?

सासूबाईंची वही

एक गोष्ट मात्र फोनच्या पारड्यात टाकलीच पाहिजे. इंदूरला, बडोद्याला राहणाऱ्या आपल्या लोकांना पूर्वी अंक पोस्टानं यायचा, तो आठ-दहा दिवसांनी, कधी भिजलेला, कधी गहाळ. आज अमेरिकेतली लेक आणि इथली आई एकाच वेळी एकच बातमी वाचतात. डोळे अधू झालेल्यांना अक्षर मोठं करता येतं. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड फोनवर उघडतात. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या 'साधना'चे आणि बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक घरबसल्या वाचायला मिळतात. नातवंडांना जरूर दाखवा. तुमच्या लहानपणीचा 'किशोर' बघून तुम्हीच जास्त वेळ घ्याल!

पण हे अंक कुणीतरी जपून ठेवले होते, बांधून, कपाटात, म्हणून त्यांचे फोटो काढून ते तिथं ठेवता आले. जे केवळ वेबसाइटवरच निघालं, त्याची वेबसाइट चालवणाऱ्यानं वर्षाचं भाडं भरायचं थांबवलं की सगळं एका रात्रीत गडप. रद्दीवाल्याकडेसुद्धा सापडायचं नाही.

कागदही आपोआप टिकत नाही, हे मला महागात पडून कळलं. आमच्या सासूबाईंची एक वही होती. पेपरातली, मासिकातली कात्रणं चिकटवलेली. लोणची, बाळंतिणीचे लाडू, साड्यांवरचे डाग, आणि मधूनच एखादी कविता, एखाद्या बाईचा फोटो. त्यांनी ती मैद्याच्या खळीनं चिकटवली होती. त्या गेल्यावर दोन वर्षांनी मी वही उघडली, तर कसर लागलेली. खळीपायी किड्यानं कात्रणाच्या कडा आणि मधली मधली अक्षरं फस्त केलेली. कैरीच्या लोणच्याच्या कृतीत मेथी किती, तो आकडाच गेला. आजतागायत माझं लोणचं त्यांच्यासारखं होत नाही ते त्यामुळं, असं आपलं मी सांगते!

तेव्हा तुमच्याकडे अशी वही असेल तर पिठाची खळ वापरू नका, किड्यांना ती मेजवानी असते. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो तपकिरी होऊन कागदावर डाग सोडतो. टाचण्या, स्टेपलच्या पिना गंजतात. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन नावाच्या द्रव्यामुळं उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडून तुटतो. म्हणून महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढावी, मूळ कात्रण पाकिटात घालून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवावं. भिंतीला लागून नको, पावसाळ्यात भिंत ओल धरते. मासिकं उभी खोचण्यापेक्षा आडवी ठेवलेली बरी. पावसाळा संपला की वर्षातून एकदा बाहेर काढून, झटकून, सावलीत वारा द्यावा. आणि हो, मोबाईलनं फोटोही काढून ठेवा. त्याचा एवढा उपयोग करून घ्यायला काय हरकत आहे?

रद्दीचं म्हणाल, तर काचा पुसायला, फळी झाकायला, चपलांच्या कपाटात ओल शोषायला तिच्यासारखी वस्तू नाही. पण भजी-पुऱ्या निथळायला पेपर घेऊ नका. आपण सगळ्यांनी आयुष्यभर घेतला, मान्य. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावून सांगितलंय की छपाईच्या शाईतलं शिसं आणि इतर घातक द्रव्यं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. वडापाववाल्यालाही सांगा, तो हसला तरी सांगा.

मग काय केलं?

चिरंजीवांच्या वाक्यावर त्या दिवशी मी काही बोलले नाही. बिल भरलं. आमच्याकडे दोन पेपर येत होते, त्यातला एक बंद केला. दोन्ही कुणी धड वाचत नव्हतं, हे खरंच होतं. दुसरा ठेवला. त्याच महिन्यात हळदीकुंकवाला आम्ही इमारतीतल्या चौघी बसलो होतो, तिथं विषय निघाला. प्रत्येकीकडे असंच काहीतरी चाललेलं. मग ठरलं की एकीनं साप्ताहिक लावायचं, दोघींनी एकेक मासिक, चौथीनं दिवाळीत वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेचे पैसे भरायचे. अंक चौघींत फिरवायचे, एका घरी चार दिवस. पूर्वी सायकलवरून घरोघरी मासिकं आणून देणारा फिरत्या वाचनालयाचा माणूस यायचा ना, तसंच, फक्त सायकल नाही, जिना. एकेकीला महिन्याला खर्च येतो तो एका मिसळीच्या प्लेटीहून जास्त नाही.

भांडणंही होतात बरं का. पहिला नंबर कुणाचा, यावरून एकदा अबोलासुद्धा झाला. एकीच्या नातवानं मुखपृष्ठाला मिशा काढल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चार दिवसांचे आठ दिवस करतात आणि वर म्हणतात, "अगं, आमच्याकडे सूनही वाचते आता."

मागच्या महिन्यात अंक सगळ्यांकडून फिरून शेवटी माझ्याकडे आला. प्रश्नोत्तरांच्या पानावर एका बाईचं पत्र होतं. तीस वर्षं संसार झाला, घर नवऱ्याच्या नावावर, बँकेतलं खातं नवऱ्याच्या नावावर, आता या वयात स्वतःचं खातं उघडायचं तर कसं आणि घरी काय सांगायचं, असं तिनं विचारलं होतं. उत्तर सविस्तर होतं, कोणती कागदपत्रं लागतात तेही दिलेलं. त्या उत्तराच्या कडेनं कुणीतरी पेन्सिलीनं बारीकशी रेघ ओढली होती. पुसायचा प्रयत्न केलेला, पण नीट न पुसलेली.

ती रेघ कुणाची, हे मी कुणाला विचारलं नाही. अंक मिटला आणि पहिल्या मजल्यावर परत दिला. मला वाटतं, बाकीच्या दोघींनीही ती पाहिली असणार.